फॉरमॅट करू का?

तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होते, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे फोटोग्राफर डोंबिवलीत माझ्याकडे बंद पडलेल्या डिस्का घेऊन येऊ लागतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला: ‘फॉरमॅट करू का’ असं विंडोजनं विचारल्यावर तुम्ही हो म्हणालात का? नाही म्हणाले असतील तर निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

डिस्क जोडली की संगणक आधी तिचा पहिला सेक्टर वाचतो. एमबीआर या जुन्या पद्धतीत महत्त्वाचे असतात ते त्याचे पहिले ५१२ बाइट. त्यातल्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ एए ही खूण, आणि तिच्या आधी सोळा-सोळा बाइटच्या चार नोंदी. पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून सुरू होतं, किती सेक्टरचं आहे, प्रकार कोणता, हे त्यात लिहिलेलं. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आलेली ही मांडणी अजून चालू आहे. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर तिची मोजणी २ टीबीला संपते.

ही मर्यादा ओलांडायला काही बाहेरच्या डिस्कांच्या केसिंगमध्ये एक युक्ती केलेली असते, आणि ती माहीत नसेल तर माणूस फसतो. कल्याणच्या एका फोटोग्राफरची ४ टीबीची डिस्क आली. यूएसबीचा पोर्ट सैल झाला म्हणून कुणीतरी केसिंग उघडून आतली डिस्क थेट डेस्कटॉपला लावली होती. मी हेक्स एडिटरमध्ये पहिला सेक्टर उघडला. ५५ एए जागेवर. नोंद एकच, प्रकार ०७, म्हणजे एनटीएफएस किंवा एक्सफॅट. सुरुवात: सेक्टर २५६. इथं मी थबकलो. हल्ली पार्टिशन सहसा २०४८व्या सेक्टरपासून, बरोबर १ एमबीवर सुरू होतं. पण २५६ला ४०९६नं गुणलं तरी तोच १ एमबी येतो! केसिंगमधलं सर्किट संगणकाला सेक्टर ४०९६ बाइटचा सांगत होतं. थेट लावल्यावर तीच डिस्क ५१२ सांगू लागली. विंडोजनं त्या हिशेबानं १२८ केबीवर जाऊन पाहिलं, तिथं नुसती शून्यं. १ एमबीवर गेलो तर ‘एनटीएफएस’ अक्षरं समोर. तशाच केसिंगमध्ये डिस्क बसवली आणि हळद, सीमांतपूजन, सप्तपदी सगळं उघडलं.

पेन ड्राइव्हची तऱ्हा आणखी निराळी. तो स्वतःला ‘काढता येणारा’ म्हणवतो, म्हणून २०१७ पर्यंतचं विंडोज त्यावरचं पहिलंच पार्टिशन दाखवायचं. लिनक्सला लावला, की बाकीची तिथं दिसत.

फॉरमॅट करू का असं विचारताना संगणकाला कळलेलं असतं एवढंच, की जिथं पाहिलं तिथं ओळखीचं काही नाही. मग त्यानं तेवढंच सांगावं. सातबारा सापडत नाही म्हणून कुणी शेतावर नांगर फिरवू का असं विचारत नाही. ज्याच्या डिस्कवर कुणाचं तरी लग्न आहे, त्याच्यासमोर पुसून टाकण्याचं बटण सर्वांत आधी ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. क्विक फॉरमॅटनंतर पुष्कळ काही परत मिळतं; पण व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहीत जातं, तिथं माझे हात टेकतात.

नव्या जीपीटी पद्धतीत हा विचार झालेला आहे, याचं मला फार बरं वाटतं. पार्टिशनच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. आणि पहिल्या सेक्टरमध्ये ईई प्रकाराची एक नोंद मुद्दाम लिहिलेली असते, जीपीटी न कळणाऱ्या जुन्या संगणकाला डिस्क रिकामी वाटू नये म्हणून.