आमचा मेंबर कोण?

'प्रभाग' हा शब्द मोठा भारदस्त आहे. पण आमच्या गल्लीत तो अजून रुळलेला नाही. गल्लीला ठाऊक आहे तो वॉर्ड, आणि वॉर्डाचा मेंबर. कागदोपत्री त्याचा नगरसेवक होऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी गल्लीने त्याला मेंबरच ठेवले आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना त्याची जी व्याख्या सांगतो, तिच्यापेक्षा गल्लीची व्याख्या कितीतरी सोपी आहे. सकाळी सातला रिकामी कळशी घेऊन ज्याच्या दारात उभे राहता येते, तो मेंबर.

या व्याख्येत एकवचन आहे, आणि सारा घोटाळा तेथेच आहे. आमच्या पुण्यात २००२ साली एका प्रभागातून तीन मेंबर निवडले गेले. २००७ साली एक. २०१२ साली दोन. २०१७ साली चार. २०१९ साली कायदा झाला की एकच बरा. २०२१ साली ठरले की तीन. आणि अखेर २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली ती चारांची, एका प्रभागात तर पाचांची. (मध्यंतरी २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकच होते. कळशी कोणाच्या दारी न्यायची, हा प्रश्न तेव्हा एका परीने मिटलाच होता म्हणा!) पाढे म्हणताना एखादा मुलगा असा अडखळला असता, तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

गंमत अशी की, हा आकडा ठरतो तो महापालिकेच्या सभागृहात नव्हे. तेथे सभासदांनी कितीही तावातावाने भाषणे केली, तरी शेवटचा शब्द राज्य सरकारचा आणि विधिमंडळाचा. बरे, खुद्द मुंबई शहराला हा नियम नाही. तेथे एका वॉर्डाला एकच मेंबर. मुंबईकराला जे पेलते ते पुणेकराला का पेलू नये, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही. चारांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की, प्रभाग मोठा झाला म्हणजे मेंबर आपल्या गटारापलीकडे पाहू लागतो. आरक्षणाची सोडत निघाली, तरी चांगल्या माणसाला उभे राहायला जागा उरते. यात तथ्य नाही असे नाही. पण एका चिन्हाच्या लाटेवर चौघे एकदम तरून जातात, आणि घरोघरी ओळख असलेला एकटा माणूस एवढ्या मोठ्या पाण्यात बुडतो, हेही आम्ही पाहतोच ना?

निवडणूक आली की शाळामास्तर मतदान केंद्रावर जायचाच. १५ जानेवारीला, ऐन किंक्रांतीच्या दिवशी, मीही होतो. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी अशा चार रंगांच्या मतपत्रिका यंत्रांवर लावलेल्या. नऊवारी नेसलेल्या एक आजी आल्या, एक बटण दाबून माघारी फिरल्या. चारही मते पुरी झाल्याखेरीज यंत्राची लांब शिटी वाजत नाही.

"आजी, अजून तीन राहिली."

"तीन कशाची? मत एकच असतंय की!"

"आता चार असतात."

"बाकीच्यांना मी वळखत न्हाई, मास्तर."

"मग 'वरीलपैकी कोणीही नाही' असं बटण आहे खाली."

"वळख न्हाई तर न्हाई म्हणायलाबी बटणच दाबायचं?"

आजी पुन्हा आत गेल्या. बऱ्याच वेळाने शिटी वाजली. त्यांनी काय दाबले, ते पाहणे माझे काम नव्हते.

मला त्या वेळी मुंबईचा एक जुना नियम आठवला. १९२२ च्या कायद्याने तेथे महिन्याला दहा रुपये भाडे भरणाऱ्याला महापालिकेचे मत मिळाले. ही त्या काळी मोठीच सुधारणा. त्याआधी घरपट्टी भरणाऱ्या सधनांचाच तो मान होता. पण चाळीतल्या एका खोलीत संसार करणाऱ्या बहुतेक गिरणीकामगारांचे भाडे दहा रुपयांपर्यंत पोचतच नव्हते. त्यांच्या घरी पाणी चढते की नाही, याचा निकाल ऐसपैस जागेत राहणाऱ्यांच्या मतावर लागायचा. सर्व प्रौढांच्या मतांवर मुंबईची निवडणूक झाली ती १९४८ साली. एका मतासाठी माणसांना इतकी वर्षे थांबावे लागले, आणि आजींच्या पदरात एकदम चार पडली!

आमच्या शेजारच्या वहिनींनी निकालानंतर दिनदर्शिकेच्या मागे चौघांचे फोन नीट लिहून ठेवले. मे महिन्यात तीन दिवस नळ कोरडा होता. पहिल्यांनी सांगितले, हे काम दुसऱ्यांकडे. दुसऱ्यांनी तिसऱ्या बाईंचे नाव दिले. बाई लग्नाला परगावी गेलेल्या. चौथ्यांचा फोन लागेना. चौथ्या दिवशी पहाटे पाणी आले. दुपारपर्यंत चौकात चार फलक लागले होते, आणि 'आमच्या पाठपुराव्याला यश' हे शब्द चारही फलकांवर होते.