चौदावा दिवस कुठून मोजायचा?

‘चौदाव्या दिवशी अंडं सुटतं’ हे आपण शाळेत पाठ केलं, आता मोबाईलही तेच सांगतो. पण हे चौदा दिवस मोजायचे पुढच्या पाळीपासून उलटे, तेही अंदाजाने. पस्तीस दिवसांनी पाळी येणारीचं अंडं सुटतं एकविसाव्या दिवसाच्या आसपास. १९२०च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस, दोघांनी हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. जगाने तो वापरला मुख्यतः मूल टाळायला!

०

अंडं जगतं फार तर चोवीस तास. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत वाट पाहू शकतात. म्हणून संधीचे दिवस सहा: अंडं सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा तो एक. १९९५ साली अमेरिकेत विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ बायकांच्या नोंदींवरून हेच दाखवलं. अंडं सुटण्याच्या दिवसानंतर आलेल्या संबंधातून राहिलेला एकही गर्भ त्यांना आढळला नाही.

सकाळचं तापमान वाढतं ते अंडं सुटल्यावर, म्हणजे गाडी गेल्यावर घंटा. त्यापेक्षा अंगावरून जाणारं पांढरं पाहावं. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक, ताणलं तर तार धरणारं झालं, की दिवस जवळ आले. मेडिकलमधली ओव्ह्युलेशन स्ट्रिप एखाद दिवस आधी सांगते. पीसीओएस असेल तर तीही फसवू शकते. एक दिवसाआड जवळ येणाऱ्या जोडप्याला यातलं काहीच लागत नाही. स्ट्रिप पाहून नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेणं मला तरी क्रूर वाटतं.

०

सगळं बरोबर जुळूनही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात एक. वर्षभरात मात्र दहातल्या आठांहून अधिक जोडप्यांकडे बातमी असते. डॉक्टरांकडे जाण्याआधी पस्तिशीच्या आत वर्षभर थांबावं, पस्तिशीनंतर सहा महिने. पाळीच अनियमित असेल तर थांबूच नये.

०

लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचं कारण ती शोधत होती. यीस्टचा अर्क, म्हणजे साधं मार्माइट, दिल्यावर त्या सुधारल्या. त्यात होतं ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधल्या या कामाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, याचं नवल वाटतं.

बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तेव्हा आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून ती नळी नीट मिटावी यासाठी फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी किमान महिनाभर आधी सुरू करायची. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला नळी न मिटण्याचा दोष असेल, तर डोस डॉक्टरांनाच विचारावा.

०

हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आधीच पाहून घ्यावं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी दोघांचीही. रुबेलाची लस घेतली तर महिनाभर थांबायचं. आणि मिश्री सोडायची; ती तंबाखूच आहे, दाताला लावली तरी.

०

बाईची सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्स-रे, सगळं उरकतं आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात ‘यांचीही तपासणी’ म्हणतं. वास्तविक वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखण्याची; ती पहिली व्हायला हवी. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आज गुटखा सोडला तरी रिपोर्टमध्ये फरक दिसायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.