माझी भिंत, काकूंची जमीन

घर पाहावं बांधून, असं आजी म्हणायची. मुंबईत आता घर बांधतंय कोण? आपण घेतो रिसेलचा फ्लॅट आणि मग त्यात काढतो 'काम'. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके घेतला, तेव्हा नवऱ्याच्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. ओपन किचन! हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत उडवायची, तिथे छानसा काउंटर, दोन उंच स्टुलं आणि वरून लोंबणारे दिवे. मोबाइलमध्ये अशा फोटोंचा वेगळा फोल्डरच होता.

कॉन्ट्रॅक्टरने भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि निकाल दिला, "विटांची आहे मॅडम. अर्ध्या दिवसाचं काम."

"परवानगी वगैरे?" मी विचारलं.

"कसली परवानगी? आतलं काम आहे. शनिवारी तोडू. सोमवारी सेक्रेटरी विचारेपर्यंत डेब्रिज गेलेलं असेल."

आम्हाला हे पटलं. खरं सांगू? आम्ही पटवून घेतलं. ईएमआय सुरू झाला होता, भाड्याचं घर सुटलं नव्हतं आणि एका पगारातून दोन घरं चालली होती. परवानगी म्हणजे महिनाभर उशीर, एवढाच हिशेब डोक्यात होता.

शनिवारी सकाळी दहाला ब्रेकर सुरू झाला. सव्वादहाला दारात वरच्या मजल्यावरच्या काकू. आवाजाबद्दल सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी फक्त विचारलं, "कुठली भिंत गं?"

मी दाखवली. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून मी हॉलमध्येच झोपते. माझा पलंग बरोबर हिच्यावर आहे. घाटकोपरचं आठवतंय ना तुला?"

आठवत होतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तेव्हा मी ऑफिसात बसून ती बातमी वाचली होती, हळहळले होते. आपणही कुणाच्या तरी पायाखाली ब्रेकर लावू शकतो, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

"थांबवा," मी म्हटलं. कॉन्ट्रॅक्टरने कपाळाला हात लावला.

सोमवारी हाफ डे टाकून सेक्रेटरींकडे गेले. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट! तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत ते करून घ्यावंच लागतं. आमची बिल्डिंग १९८६ ची. कुठला कॉलम कुठे, कुठल्या बीमला तडे, सगळं त्यात लिहिलेलं. घर घेताना आम्ही पार्किंगबद्दल दहा प्रश्न विचारले होते, या फाइलबद्दल एकही नाही.

मग पुढचा धडा. घरात बदल करायचा तर उपविधींप्रमाणे सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. तोंडी 'हो हो' चालत नाही. पण सोसायटीची एनओसी म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे, इथे भले भले फसतात. मुंबईला १८८८ चा महापालिका कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ३४२ नुसार असलेल्या इमारतीत भर घालायची किंवा असे बदल करायचे, तर आधी नोटीस द्यावी लागते. रंग, गिलावा, फरशी बदलणं ही किरकोळ दुरुस्ती, तिला ही भानगड नाही. भिंत, कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लागणार असेल, तर मात्र आधी वॉर्ड ऑफिस गाठायचं. (मुंबईबाहेरच्या महापालिकांचा कायदा वेगळा, १९४९ चा. म्हणून पुण्याच्या मावसभावाचा सल्ला मुलुंडमध्ये वापरू नका.)

आणि या सगळ्याच्या आधी हवा तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. लायसन्सवाला. आमचे इंजिनिअर आले, ऑडिटचा नकाशा पसरला, भिंतीच्या टोकाला थोडं प्लॅस्टर काढायला लावलं. आत कॉलम! भिंतीशी इतका समपातळीत, की बाहेरून पत्ताच लागू नये. ब्रेकरने जिथे सुरुवात केली होती, तिथून जेमतेम हातभर लांब. 'कोपरा साफ करून देतो' असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, तो कोपरा हाच.

"विटांची भिंत म्हणजे बिनकामाची भिंत, असं नसतं," इंजिनिअर म्हणाले. "जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत सगळा भार भिंतींवरच असतो. तुमची आरसीसी आहे, भार कॉलम-बीमवर. पण जुना बीम थोडा जरी खाली वाकला असेल, तर तो या भिंतीवर टेकलेला असू शकतो. टकटक करून हे कळत नाही."

हे ऐकताना नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी छताकडे.

सगळं होईपर्यंत दीड महिना गेला. दोन घरांचा खर्च जड गेला, त्यावरून आमची दोनदा कडाक्याची भांडणंही झाली. इंजिनिअरच्या फीमध्ये स्टुलं आणि लोंबणारे दिवे गेले. मिळालं काय? भिंत उभीच आहे. तिच्यात मधोमध, कॉलम आणि बीमपासून लांब, इंजिनिअरने आखून दिली तेवढीच एक खिडकी काढली आहे. चहाचे कप इकडून तिकडे जातात आणि कुकरच्या शिट्ट्या हॉलमध्ये ऐकू येतात.

खिडकीचं काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी परवानगीचा कागद घेऊन वर गेले. काकूंनी चष्मा लावून तो अक्षर न् अक्षर वाचला, इंजिनिअरची सहीसुद्धा. मग विचारलं, "किती वाजता सुरू करणार?"

"दहाला."

"बरं. तोवर मी भाजी आणून येते."

पलंग मात्र त्यांनी हलवला नाही.