स्वारगेट ते भुईंज

तळजाईची टेकडी मी आज चढते ती अण्णांमुळे. अण्णा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. उभं आयुष्य एसटी चालवण्यात गेलेलं, त्यातली बरीच वर्षं पुणे-सातारा मार्गावर. आमचं नातं ना गोत्याचं, ना गावाचं. तरी माझ्या श्वासाचं देणं कुणाचं, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी त्यांचंच नाव घेईन.

दमा मला लहानपणापासून. धावू नकोस, भिजू नकोस, दगदग करू नकोस हे ऐकतच मोठी झाले. शाळेत पीटीच्या तासाला मी सगळ्यांची दप्तरं राखत बसायची. पुढे बँकेतली बैठी नोकरी, दोन बाळंतपणं, वाढत गेलेलं वजन. पन्नाशी जवळ आली तशी रात्री घसा आवळल्यासारखं होऊन दचकून जाग यायला लागली. सकाळी डोकं जड, दुपारी काउंटरवर डोळे मिटायचे. हे सगळं घरात दम्याच्याच खात्यावर जमा होत होतं.

अण्णांनी एकदा जिन्यात थांबवून सरळ विचारलं, "ताई, राग नका मानू, पण तुम्ही घोरता का?" बाईमाणसाला असं कुणी विचारत नाही. मागून येणाऱ्या माझ्या नवऱ्याने हो म्हटलं. "मधेच घोरणं बंद पडतं, आणि मग आचका देऊन परत सुरू होतं?" तेही बरोबर होतं. निवृत्तीनंतर अण्णांना स्वतःला स्लीप ॲप्निया निघाला होता. स्टिअरिंगवर पापणी मिटते म्हणजे काय, हे मागे गाडीभर माणसं बसलेली असताना त्यांनी अनुभवलं होतं. "नशिबानं काही घडलं न्हाय," एवढंच ते म्हणायचे आणि गप्प व्हायचे. तो त्रास दुसऱ्या कुणाला असेल तर आपण ओळखायलाच हवा, हे त्यांनी मनाशी घेतलं होतं.

तपासणीत निघालं की झोपेत माझा श्वास तासाला सरासरी ३४ वेळा अडतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडला तरच तो मोजतात, आणि तासाला ३० च्या पुढे गेला की आजार गंभीर धरतात. झोपेत मास्कमधून हवा फुंकणारं मशीन घरी आलं, पण मास्क तोंडावर आला की माझा जीव घाबरायचा. अण्णांनी त्यावर उपाय सांगितला. संध्याकाळी मालिका बघताना मास्क नुसता लावून बसायचं, झोपायचं नाही. पट्टे बसून आवळायचे नाहीत. आडवं व्हायचं, मशीन सुरू करायचं आणि मग हवा निसटणार नाही इतपतच ओढायचे. घट्ट आवळला तर मास्कची उशी दुमडते आणि हवा जास्तच गळते. ते स्वतःचा मास्क घेऊन आमच्या दिवाणखान्यात बसले आणि एकेक पट्टा सोडून दाखवला.

त्या मशीनची गोष्ट सांगायला त्यांना फार आवडायचं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीपासून हवा फुंकणारं यंत्र जुळवलं आणि त्यावरचा लेख १९८१ साली प्रसिद्ध केला. तोवर आजार फारच वाढलेल्या रुग्णाच्या गळ्याला भोक पाडण्याखेरीज ठोस उपाय नव्हता. गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या माणसाला ती मोटर नेमकी कळायची. मग मी त्यांना माझ्या पंपाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दम्याने बेजार होती. दम्याचं औषध स्प्रेच्या डब्यातून का मिळत नाही, असं तिने वडिलांना विचारलं आणि १९५६ मध्ये खिशात मावणारा पंप बाजारात आला. "पोरीचं लई उपकार झालं," अण्णा म्हणाले. मला ते मनापासून पटतं. आपल्याकडे अजूनही पंपाला लोक बिचकतात, पदराआड लपवून ओढतात.

झोप लागू लागली तसे पाय मोकळे झाले. चालायला डॉक्टरांची हरकत नव्हती, उलट आग्रहच होता. फक्त रोजचा पंप चुकवायचा नाही आणि निघण्यापूर्वी पंधरा मिनिटं निळ्या पंपाचे दोन झुरके स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळीतून, घ्यायचे, ही अट. आधी सपाटीवर, सावकाश, अंग गरम होईपर्यंत. वेग किती ठेवायचा, हे ठरवायला मात्र अण्णांचीच युक्ती. चालता चालता ते म्हणायचे, "ताई, थांबे सांगा." मग मी सुरू करायची: स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज. तीन-चार नावं एका दमात आली तर चाल बरोबर. प्रत्येक नावागणिक श्वास घ्यावा लागला तर अण्णा पुढे होऊन पावलं आखडती घ्यायचे, मी आपोआप मंदावायची. बोलता यावं पण गाता येऊ नये, हे व्यायामाचं माप डॉक्टरही सांगतात.

दम्याच्या माणसाला चढताना जेवढं होत नाही तेवढं थांबल्यावर होतं. चढताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. नाकात उबदार, ओलसर न होताच हवा आत जाते, श्वासनळ्यांचं अस्तर सुकतं आणि त्या आवळतात. त्रासाचा जोर बहुधा थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत. माथ्यावरच्या बाकावर धपकन बसायची माझी सवय अण्णांनी मोडली. घाट चढून आलेलं इंजिन लगेच बंद करायचं नसतं, म्हणून ते मला मोरांच्या कुंपणाकडे हळूहळू फेऱ्या घालायला लावायचे.

एका डिसेंबरात खाली कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. चढणीवर माझी छाती शिट्टी वाजवायला लागली. थांबे सांगणं दूरच, एक शब्द फुटेना. अण्णांनी खिशातून जुन्या बसपासचं प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाची झेरॉक्स होती; ती त्यांनी केव्हा मागून घेतली, मला माहीत नव्हतं. मला दगडावर पुढे वाकून बसवलं आणि बोट फिरवत ओळी वाचून दाखवल्या. एका वेळी एकच झुरका, स्पेसरमधून सावकाश चार श्वास, असे चार झुरके. चार मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर पुन्हा तसेच चार, आणि गाडी बोलवायची. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, नजर घड्याळावर. दुसरी खेप लागली नाही.

त्यानंतर हिवाळ्यात आम्ही नऊच्या सुमाराला निघायला लागलो. पहाटेची हवा शुद्ध, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेलं आहे. पण थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि शेकोट्या, कचरा, वाहनांचा धूर तिच्यातच कोंडतो, ऊन तापल्यावरच वर उठतो. पाषाणच्या हवामान संस्थेच्या 'सफर'वर रोजची हवा कळते, तीही बघायला लागलो. सकाळी श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकते. माझा सगळ्यांत चांगला आकडा ३८०, त्याच्या ८० टक्के म्हणजे ३०४. त्याखाली आकडा गेला, किंवा रात्री मास्क निघून झोपेचा विचका झाला, की त्या दिवशी टेकडी नाही. घरच्यांनी सांगितलं असतं तर मला ते बंधन वाटलं असतं. अण्णा स्वतःही त्या दिवशी टेकडीवर जायचे नाहीत, आमच्याकडे चहाला यायचे.

आता ते भुईंजजवळ गावी असतात. तिथे रात्री वीज जाते आणि मशीन बंद पडतं, हे फोनवर कळलं तेव्हा आम्ही बॅटरी घेऊन गेलो. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. परतताना त्यांनी डिकीत इंद्रायणी तांदूळ आणि हळद भरून ठेवली होती. त्यांच्या मास्कची उशी विरली आहे. माप लिहून आणलंय, मीडियम. ती घेऊन या महिन्यात जायचं आहे.