औट है, सार

बंगळुरूच्या जयनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. रुंदी जेमतेम एका शटरची. मालक कन्नडिगा, त्याची हिंदी कामापुरती, माझं कन्नड त्याहून कमी. सिनेमाचं नाव सांगितलं की तो जाडजूड वहीतून बोट फिरवायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "औट है, सार. संडे आओ."

औट म्हणजे गेलेला. पण जाऊन जाणार कुठे? फार तर दोन क्रॉस, म्हणजे आडव्या गल्ल्या, पलीकडे, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. रात्री फिरायला निघावं, एखाद्या खिडकीत निळा उजेड हलताना दिसावा आणि वाटावं, आपला सिनेमा या घरी तर मुक्कामाला नाही ना!

किती हातांतून फिरलेल्या असत त्या सीड्या! ऐन रंगात आल्यावर चित्राचे चौकोन व्हायचे, नायकाची भुवई हनुवटीवर उतरायची. मग सीडी काढा, तोंडाची वाफ द्या, जुन्या बनियनने पुसा. गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ. ही विद्या मालकाचीच.

२००५ मध्ये याच शहरात सेव्हन्टीएमएम निघाली. इंटरनेटवर यादी करायची, डीव्हीडी घरपोच. मॅजेस्टिकच्या नॅशनल मार्केटातला चोरटा माल होताच. मालक या दोघांच्या नावाने बोटं मोडायचा. खरा वैरी मात्र त्याच्याच गल्लीतल्या खांबांवरून, वायरीतून येत होता. ६ जानेवारी २०१६ ला नेटफ्लिक्स भारतात आलं, तोवर सेव्हन्टीएमएमचाही भाड्याचा धंदा आटोपला होता आणि आमच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती.

आता हवं ते हवं तेव्हा. सिल्क बोर्ड चौकातल्या वाहनांच्या गर्दीतून सुटून आलेल्या माणसाने याला नावं ठेवू नयेत. मीही ठेवत नाही. पण परवा अर्धा पाहून ठेवलेला एक सिनेमा यादीतूनच नाहीसा झाला. हक्कांची मुदत संपली म्हणे. हा काही औट नव्हता. तो कुणाच्याच घरी गेला नव्हता, आणि रविवारी या म्हणायलाही कुणी नव्हतं.

त्या दुकानात मराठी सिनेमा एकच होता, संदीप सावंतांचा 'श्वास'. कुणी मराठी माणसानेच आणून दिला असणार. व्हीसीडीचे दोन भाग. कुणीतरी डबी परत करताना दुसरा घरीच विसरलेलं. "पहला देखो, सार, दूसरा आया तो देता," मालक म्हणाला. दुसरा यायच्या आत शटर पडलं.

पुढे 'श्वास' मी पूर्ण पाहिला, ती गोष्ट निराळी. जयनगर फोर्थ ब्लॉकच्या आसपास कुणाच्या कपाटात 'भाग २' लिहिलेली सीडी निघाली, तर कळवा. पहिला भाग माझ्याकडे आहे.