पगार की वाटा?

ओतूरजवळच्या आमच्या मळ्यात नाना एकोणीस वर्षं राहतात. मूळचे आंबेगावातले, डिंभ्याकडचे. आता काकांनी मळा विकायला काढलाय आणि नानांना महिन्यात खोली सोडायला सांगितलंय.

नानांनी मला गाठलं. "दादा, तू कंप्युटरवाला. मोबाईलमध्ये बघ ना, आमचा काही हक्क लागतो का."

खोलीचं उत्तर लगेच सापडलं. गोव्यातल्या एका घराच्या वादात, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगून टाकलंय: राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही. मागितली की जागा सोडायची.

जमिनीचं मात्र वेगळं. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ मानला जातो. पगारी गडी आणि मालकाच्या देखरेखीखालचा मजूर त्यातून वगळलेत. पण मोबदला पिकाच्या वाट्यात असेल, तर पगारी गड्याचा अपवाद लागत नाही. निर्णय तहसीलदार देतो, म्हणजे जुन्नरला.

"नाना, पगार होता की वाटा?"

"पगारच. पण कांद्याची चौथाई तुझे आजोबा द्यायचे. तोंडी."

सातबाऱ्यावर नानांचं नाव कुठेच नाही. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून पिकाचा फोटो नानाच काढतात, नोंद काकांच्या नावावर.

तोंडी म्हणाले खरे. पण मी आठवीत असताना आजोबांनी चौथाईचा हिशेब माझ्याकडूनच वहीत लिहून घेतला होता. मळ्यात बाबांचाही हिस्सा आहे. वही आमच्या पोटमाळ्यावर आहे. नानांना अजून सांगितलेलं नाही. काकांनाही.