अल्हम्दुलिल्लाह म्हटल्यावर पुढे काय विचारायचे?

आमच्या सोलापुरात कुणी ‘तबियत कैसी है?’ विचारले की उत्तर ठरलेले असते. ‘अल्हम्दुलिल्लाह, ठीक है.’ ताप असो, कर्ज असो, उत्तर तेच. दखनी बोलणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला याहून वेगळे बोलणे नाशुक्री वाटते. माझ्या खालालाही वाटते. तिच्यावर दोन वर्षांपासून डिप्रेशनचे उपचार चालू आहेत. काही नातेवाईक याला ईमानाची कमजोरी म्हणाले. साखरेच्या आजाराला मात्र यांतले कुणी तसे म्हणत नाही!

खाला विडी वळते. दिवसाला हजार विड्या हा तिचा हिशेब. आजारपणात सूप कोपऱ्यात पडले, पाने भिजवायलासुद्धा उठवेना. गोळ्या सुरू झाल्यावर झोप आली, रडणे थांबले. दवाखान्यात पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची. गुण 0 ते 27, जितके जास्त तितका त्रास जास्त. खालाचे गुण उतरले आणि घरात सगळ्यांनी शुक्र केला. पण विड्या चारशेच्या पुढे सरकत नव्हत्या. मोहल्ल्यात लग्न निघाले की ती दार लावून बसायची.

मग सुधारले काय? आजाराची लक्षणे कमी झाली, हे खरेच. जगणे मात्र परतले नव्हते. त्या यादीच्या शेवटी आणखी एक प्रश्न असतो: या त्रासामुळे काम, घर आणि माणसांशी वागणे किती अवघड झाले? गंमत म्हणजे त्याचे उत्तर एकूण गुणांत धरत नाहीत.

जगण्याचे मोजमाप करायला जागतिक आरोग्य संघटनेने वेगळी प्रश्नावली केली आहे. ती बनवताना जगभरातून निवडलेल्या केंद्रांत आपल्याकडची दिल्ली आणि मद्रास ही दोन होती. तिच्या छोट्या आवृत्तीत 26 प्रश्न आहेत आणि चार भाग: शरीर, मन, नातीगोती, आणि भोवतालची परिस्थिती. या चौथ्या भागात पैसा, घर, प्रवास, दवाखान्याची सोय हे सगळे येते. चारही भागांचे गुण वेगवेगळे ठेवतात. मला हे फार शहाणपणाचे वाटते. खालाचे मन सुधारले तरी हातातला पैसा सुधारलेला नाही, आणि एका आकड्यात ते दिसलेच नसते. विडीची मजुरी हजारावर मिळते. चारशे वळल्या तर चारशेचेच पैसे. तिचा आजार त्याच दिवशी मजुरीतून कापला जातो.

अडचण विचारण्यात आहे. ‘तुम्ही आयुष्याबद्दल समाधानी आहात का?’ असे छापील मराठीत विचारले तर खाला म्हणणार, अल्लाह का शुक्र है. ते उत्तर खोटे नाही, ती तिची श्रद्धा आहे. पण त्यावर पाचपैकी पाच गुण देणे चूक आहे. त्या 26 प्रश्नांत एक शरीरसंबंधाबद्दलचाही आहे. दवाखान्यात शेजारी मुलगा बसलेला, तोच दुभाषा, तोच आईच्या वतीने उत्तरे देणारा. अशा वेळी तो प्रश्न कुणी उच्चारणारही नाही.

म्हणून मी तिच्याबरोबर जातो तेव्हा आधीच सांगतो, मी बाहेर थांबतो, आत सिस्टर असल्या तर बरे. त्या सिस्टरांना दखनी येते. ‘दिल लगता क्या?’, ‘कल कित्ती बिड्या बनाए?’, ‘शादी में गए थे क्या?’ असे त्या विचारतात. मागच्या खेपेला खाला वीस मिनिटे आत होती. एरवी पाच मिनिटांत बाहेर येते.